चढ संपेपर्यंत

"इंजिनाचं हेड उतरवायचं नसेल तर मी ह्या व्हॅनला हात लावणार नाही," मिस्त्री म्हणाला. "नुसतं हेडखालचं गॅस्केट बदलून झालं ना? परत उडालंच. हेड वाकलंय, मामा. ते घासून सपाट करायला फेसिंगला पाठवू, बोल्ट नवे टाकू. आठवडाभर गाडी विसरा."

"आठवडाभर कुठलं? उद्या माणसं न्यायचीत."

घाटापलीकडच्या दवाखान्यात डायलिसिसला जाणाऱ्यांना व्हॅनवाले मामाच नेत-आणत. मागच्या खेपेला गाडी चढावर तापून बंद पडली आणि सगळ्यांचंच डायलिसिस हुकलं. त्यांतले शिंपीदादा छातीत पाणी भरून गेले. मामांना कुणी बोल लावला नाही.

शेजारच्या स्पेअर पार्टवाल्याने एक बाटली पुढे केली. "हे रेडिएटरमध्ये ओता आणि इंजिन चालू ठेवा. फट आपोआप बुजते. उगाच खोलाखोल कशाला?"

"फट बुजेल तशा पाण्याच्या वाटाही बुजतील," मिस्त्री म्हणाला. "मग इंजिनच जाईल."

"उद्याचा दिवस निघेल का, तेवढं सांग."

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. "निघेल कदाचित. पण ओता असं मी म्हणणार नाही."

मामांनी ओळखीच्या गाडीवाल्यांची दारं वाजवली. कुणाची गाडी बाहेरगावी होती. एकाने तर स्पष्टच सांगितलं, "वाटेत कुणाचं काही झालं तर आमच्या गळ्यात येईल." परतताना ते त्यांच्याच गाडीतून डायलिसिसला जाणाऱ्या शाळेतल्या बाईंकडे डोकावले. बाईंची पावलं सुजून चपलेत मावत नव्हती.

"उद्या जमेल ना हो, मामा?"

"जमेल की," मामा म्हणाले. घरी जाऊन त्यांनी स्पेअर पार्टवाल्याची बाटली रेडिएटरमध्ये ओतली.

सकाळी निम्मा चढ गाडीने निमूट कापला. मग तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. इंजिनातली उष्णता थोडी तरी बाहेर यावी म्हणून मामांनी भर उन्हाळ्यात हीटर सोडला. आत भट्टी झाली. बाईंशेजारी बसलेल्या, सगळ्यांत थकलेल्या आजोबांचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. बाईंनी पदराने त्यांचा घाम टिपला, पण 'बंद करा' असं कुणी म्हटलं नाही. मामा स्टिअरिंगला चिकटून गाडीला विनवत पुटपुटत होते, "एवढा चढ काढ, बये. मग मर हवी तर."

माथ्यावर धाडकन आवाज झाला आणि गाडी जागीच थांबली.

मामा रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. एक ट्रक गेला, एक मोटार वळसा घालून गेली. शेवटी दुधाचा टेम्पो थांबला. मामांनी एकेकाला उचलून वर चढवलं. आजोबांना धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तेही मागे बसले. व्हॅन तिथेच राहिली. त्या दिवशी सगळ्यांचं डायलिसिस झालं.

व्हॅन ओढून आणल्यावर मिस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा हेडला तडा गेलेला होता आणि पिस्टन जॅम झालेले होते. "माझं ऐकलं असतंत तर वाचलं असतं," तो म्हणाला.

"हो," मामा म्हणाले.

पुढच्या खेपेला दवाखान्याने दुसरी गाडी पाठवली. आजोबांना धरायला मामाही निघाले. सवयीने ते उजवीकडच्या पुढच्या दाराशी गेले, त्यांनी दार उघडलंसुद्धा. आतला ड्रायव्हर बघतच राहिला.

"काच नीट पुसलेली नाही," मामा म्हणाले. खिशातल्या रुमालाने त्यांनी समोरची काच पुसली, दार हलकेच लावलं आणि वळसा घालून मागे जाऊन बसले.