मागे बांधलेले हात

परिचारिकांना शिकवणारा तो तरुण शिक्षक रुग्णाच्या खाटेशी उभा राही, तेव्हा दोन्ही हात पाठीमागे बांधून घेई. मोठ्या माणसाला शिकवायचे, तर त्याच्या हातातले काम काढून घ्यायचे नाही, अशी त्याची श्रद्धाच होती. मुलाच्या हातातले खेळणे घेतले, तर मूल रडते आणि विसरते. प्रौढाच्या हातातले काढून घेतले, की तो हसतो आणि पुन्हा येत नाही.

काकू तशाच निघून गेल्या होत्या. अठरा वर्षे घरसंसारात घालवून पन्नाशीत त्या परिचारिकेच्या कामाकडे परतल्या, उजळणीच्या वर्गात बसल्या, आणि आधीच्या शिक्षिकेने सर्वांदेखत त्यांच्या हातातली सुई हिसकावली. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी. शेवटी या तरुण शिक्षकानेच घरी जाऊन त्यांना परत आणले. "तुमच्या हातातलं मी काही काढून घेणार नाही," असा शब्द देऊन.

आज खाटेवरच्या आजोबांची एक बाजू पक्षाघाताने लुळी पडलेली. त्यांना गिळता येत नव्हते, घशात काही चुकीचे शिरले तरी ठसकाही लागत नव्हता. नाकातून पोटात जाणारी नळी काकूंनी सफाईने घातली, सिरिंजने हवा सोडली आणि पोटावर स्टेथोस्कोप टेकवला.

"गुडगुडलं! बसली जागेवर."

"कागदावर तपासायचं ना, काकू?" तो जेमतेम ऐकू येईल असे पुटपुटला. पोटातले पाणी ओढून कागदावर टाकले, की रंग बदलतो. खरी खूण ती.

"पाणी येईना वर. आणि सर, तुम्ही पाटीवर अ गिरवत होतात, तेव्हा मी अख्खा वॉर्ड सांभाळत होते. हा कान खोटं नाही बोलायचा."

मागे उभ्या असलेल्या दोघी विद्यार्थिनी फिसकन हसल्या. तोही कसनुसा हसला. नळी फुप्फुसात शिरली, तरी आवाज तसाच येतो, हे त्याने वर्गात सांगितले होते. पण झोपलेली सवय जागी होते, ती वर्गाला विचारून नव्हे.

काकूंनी नळी चिमटीत दाबली, तिला सिरिंजचे नळकांडे जोडले, त्यात पातळ अन्न ओतले. चिमटी सुटली, की ते आत उतरणार.

आजोबांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा हळूहळू उतरत होता. ओठांवर निळसर छाया. त्याने दोन्ही पाहिले. बोलावे, तर काकू पुन्हा जातील, आणि आता कायमच्या. न बोलावे, तर... पाठीमागे त्याची बोटे एकमेकांत रुतली.

"सर, बाबांना आज तरी पोटभर मिळेल ना?" खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आजोबांच्या मुलीने विचारले.

काकूंचा अंगठा सैल झाला.

"नको! सोडू नका!" त्याचा आवाज चिरकला. झेप घेऊन त्याने त्यांच्या बोटांवर आपली बोटे आवळली, आणि नळकांडे काढून नळी बाहेर ओढली. आकडा थबकला, मग रडतखडत वर चढू लागला. डॉक्टर धावत आले, त्यांनी छाती ऐकली. फुप्फुसात अन्न गेले नव्हते.

"नळी चुकीच्या जागी गेली होती," त्याने मुलीला सांगितले. मग काकूंकडे न पाहता म्हणाला, "माफ करा, मी शब्द..."

"शब्द गेला खड्ड्यात!" काकू कडाडल्या. "आकडा उतरताना दिसत होता तुम्हाला?"

"हो."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरून का उभे राहिलात?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं. आजोबा मात्र गेले असते, सर."

ज्याला तो आजवर आदर म्हणत आला, त्याच्या तळाशी नुसती भीती बसली होती, वयाने मोठ्या माणसाच्या डोळ्यांतला राग पाहण्याची. ती अजूनही तेथेच होती.

डॉक्टरांनी पुन्हा नळी घालायची परवानगी दिली, तेव्हा काकूंनीच नवी नळी उचलली.

"माझ्या कानाशी उभे राहा. चुकलं तर ओरडा. गप्प राहिलात, तर उद्यापासून खरंच येणार नाही."

नळी नाकाला टेकली.

"काकू, थांबा!"

"आता काय?"

"त्यांची मान... आधी पुढे झुकवा."

आवाज कापत होता. पण शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू गेला. काकूंनी आजोबांच्या मानेखाली उशी सरकवली.