तळ्यातला टाक

डिलाईल रोडच्या त्या मिलमागचं तळं काही हौसेनं खणलेलं नव्हतं. इंजिनाला थंड पाणी लागतं म्हणून ते होतं, आणि चांगलं ऐसपैस होतं. पण शेठ पडले वैष्णव. त्यांनी त्यात रोहू आणि कटला सोडले आणि दर एकादशीला मोटारीतून उतरून कणकेच्या गोळ्या टाकायला सुरुवात केली. मासे गलेलठ्ठ झाले, आणि माशांबरोबर केंदाळही माजलं. असं माजलं, की पाणी दिसेना. पंपाच्या जाळीत गुंतवळ अडकायची आणि खात्यात बोंबाबोंब व्हायची. मोरचूद ओता, चार दिवसांत साफ, असं कुणीतरी सुचवलं. शेठ म्हणाले, एकही मासा मरता कामा नये. म्हणजे आली का पंचाईत! छातीभर पाण्यात उभं राहून, जळवा लावून घेत हातानं केंदाळ उपसायला कोण तयार होणार?

कोंडीराम तयार झाला. कुणी न विचारता झाला. पंपावरचा हा माणूस कामाला चोख, पण नसती उठाठेव अंगावर घेणारा नव्हे, म्हणून सगळे चाट पडले. त्याला शाबासकी नको होती नि बढतीही नको होती. त्याला तळ्याचा तळ बघायचा होता.

त्याचं असं झालं होतं. बाबासाहेब गेले त्या डिसेंबरात, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्याच्या सबंध इमारतीनं धम्म घेतला. घराघरांतले देव्हारे रिकामे झाले. या सगळ्यात पुढं चाळीतला गणपत. आता नाव गणपत, आणि देवाचं नाव काढलं की अंगाचा तिळपापड. पण माणूस सोन्यासारखा, चाळीत कुणाचं काही अडलं की पहिला धावणारा. त्यानं सगळ्यांचे देव गोळा करून वाजतगाजत समुद्राकडं मिरवणूक काढली. कोंडीरामची नेमकी तेव्हा पाळी होती. त्यानं आपले देव लाल फडक्यात बांधले आणि तो मिलकडं निघाला. मिलच्या तळ्यात सोडू, पाणी ते पाणी. अंगणात जयजयकार चाललेला. इतक्यात वरच्या मजल्याच्या कठड्यावरून कौसल्या ओरडली, "अवो! टाक! टाक!"

कोंडीरामची छाती फुगली. बायको असावी तर अशी! आपण जरा कचरत होतो, पण हिनं बघा कसं एका शब्दात सांगितलं. त्यानं मान हलवली, तरातरा मिल गाठली आणि पंपघराच्या पायरीवरून गाठोडं तळ्यात भिरकावलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तू म्हनलीस टाक, मी टाकलं."

कौसल्या परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"मी टाका न्हाई म्हनलं," ती म्हणाली. "टाक म्हनलं. शैलीचा टाक."

शैला त्यांची एकुलती एक पोर. पाचव्या वर्षी गोवरानं गेली. कोंडीरामच्या आईनं हट्टानं सोनाराकडून तिचा टाक करून घेतला होता, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटभर मूर्त. देवांचे टाक असतात, तसे घरातल्या गेलेल्या माणसांचेही करायची त्यांच्याकडं रीत होती, आणि ते देवांच्याच पंगतीला बसायचे. पोरीचा फोटो काढलेला नव्हता. तिची म्हणून घरात तेवढीच एक वस्तू होती.

आणि जन्मात कधी कौसल्येनं त्याला अरेतुरे केलं होतं का? तिला फेकाच म्हणायचं असतं, तर ती 'टाका' म्हणाली असती. एवढी साधी गोष्ट त्या गडबडीत त्याच्या टाळक्यात शिरली नाही.

कौसल्या भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं हजारदा वाटलं. "गेलं ते गेलं," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. फक्त त्या दिवसापासून घरात शैलीचं नाव निघेनासं झालं. आधी उठताबसता निघायचं. शैलीला कैरी आवडायची, शैली अशीच हसायची. आता दोघं एका खोलीत राहायची, एका ताटात जेवायची, आणि पोर मात्र दोघांच्या मधून उठून गेलेली. कोंडीराम आतल्या आत कुढत होता. त्यानं दोनदा बुड्या मारून पाहिल्या. पण त्या केंदाळात हाताला हात दिसेना, तिथं बोटभर पत्रा काय लागणार?

तर असा हा केंदाळाचा सोस. पिंपांचा तराफा करून, लांब दोरीला लोखंडी दंताळं बांधून, तो एकेक पट्टा ओढायचा. उपसलेली गुंतवळ घटकाभर काठालाच ठेवायचा, म्हणजे आत अडकलेली पिल्लं पाण्यात परत सरकायची. उन्हाळा सरेपर्यंत त्यानं निम्म्याहून जास्त तळं मोकळं केलं. आणि झालं काय? पाणी हिरवंगार! जणू कुणी पालक वाटून ओतला. टीचभर खालचं दिसेना.

कोंडीराम पायरीवर डोकं धरून बसला, तेव्हा श्यामकांत साहेब तिथं आले. हे मिलचे धाकटे इंजिनीअर, गिरगावातले, शांत माणूस.

"एकदम फार काढलंत हो," ते म्हणाले. "केंदाळ जे खात होतं, ते आता शेवाळ खातंय. कडेचं राहू द्या थोडं. आणि मुळात खायलाच कमी घालायला हवं."

"म्हंजी शेठच्या गोळ्या?"

"त्याचं मी बघतो."

साहेबांनी शेठना काय सांगावं? माशांना अपचन झालंय, म्हणाले! शेठ हळहळले आणि एकादशीला नुसतं दर्शन घेऊन जाऊ लागले. काठाचं केंदाळ कोंडीरामनं राखलं, मधे वाढेल तेवढंच काढत राहिला. दिवाळीपर्यंत हिरवा रंग उतरला. राहिला तो गाळ. पंप दिवसरात्र पाणी ढवळणार, तोवर गाळ काही खाली बसणार नव्हता.

इकडं चाळीत कुजबुज सुरू झाली होती. कोंडीरामनं देव तळ्यात टाकले हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आता तो तळं का उपसतोय, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. एका सकाळी नळावर गणपतनं त्याला गाठलं.

"कोंडीबा, खंडोबाची आठवण येती व्हय?"

"न्हाई रं."

"मग तळ्यात काय शोधतोस? बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण. उद्या चाळीच्या पंचायतीत इचारलं तर मी काय सांगू?"

सांगायचं काय? पोरीचा टाक शोधतोय म्हणावं, तर टाकही पूजेतलाच. कोंडीराम कळशी उचलून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, असं गणपतला वाटलं असणार.

आणि मग समितीनं हरताळ पुकारला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, म्हणून सोमवारी सगळं गिरणगाव बंद. रविवारची सुट्टी, त्याला लागून सोमवार. कोंडीरामच्या डोक्यात एकच आलं : दोन दिवस पंप बंद! एका रविवारात गाळ पुरता बसत नव्हता, दोन दिवसांत बसेल.

सोमवारी दुपारी तो म्हणाला, "कौसल्ये, चल माझ्याबरूबर."

"कुटं?"

"चल तर."

ती निघाली. मिलच्या दरवाजावर हरताळाचे स्वयंसेवक उभे, आणि त्यांत पुढारी कोण? गणपतच. दंडाला फीत, डोळे तांबारलेले.

"आज कामावर? हरताळ फोडतोस कोंडीबा?"

"कामावर न्हाई. तळ्यावर."

"बायकूला घिऊन?"

"चल तू बी," कोंडीराम म्हणाला. त्याला आता लपवायचा कंटाळा आला होता. "ये, बघ, आन् मग सांग पंचायतीला काय सांगायचं ते."

तिघं पंपघराच्या पायरीवर आले, आणि कौसल्येच्या तोंडून "अगं बया!" निघालं. असं तळं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ऊन सरळ तळापर्यंत पोचलं होतं. मासे सावकाश फिरत होते आणि त्यांच्या सावल्या खालच्या मातीवर फिरत होत्या. पायरीपासून थोडं पुढं लाल फडक्याच्या चिंध्या दिसत होत्या, आणि त्यांच्याभोवती हिरवे पडलेले पितळी देव. खंडोबा उताणा, भवानी कुशीवर.

"हेच ना?" गणपत खवळला. "हेच काढायचं हुतं ना?"

कोंडीरामनं सदरा काढला आणि पाण्यात शिरला. कृष्णाकाठचा माणूस तो, खाली गेला तो दिसतच राहिला. गणपत काठावरून टक लावून बघत होता. कोंडीरामनं खंडोबाला बाजूला सारलं. भवानीलाही सारलं. फडक्याची चिंधी हळूच उचलली, बोटांनी माती चाचपली, आणि गाळाचा ढग उठला. मग काही दिसेना. कौसल्येनं पदराचा बोळा तोंडात धरला.

तो वर आला. दम लागलेला. मूठ मिटलेली.

पायरीवर बसून त्यानं मूठ उघडली. काळा पडलेला पत्रा, एक कड दुमडलेली. कौसल्येनं तो घेतला, पदरानं पुसला, पुन्हा पुसला. सोनाराच्या ठशाचे दोन डोळे, एवढंसं नाक. शैलीसारखं त्यात काही नव्हतं, कधीच नव्हतं.

"कड दुमडली गं," कोंडीराम म्हणाला. "माझ्यामुळं झालं समदं. मला कळलंच न्हाई तू काय म्हनलीस ते."

"शैली बी अशीच," कौसल्या म्हणाली. "एक बाही सदा दुमडलेली. किती सरळ करा." आणि ती रडायला लागली. दोन वर्षांचं एकदम रडली, आणि कोंडीराम तसाच ओलाकिच्च तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "देव्हारा न्हाई मांडायचा हां. हळदकुंकू न्हाई. ती काय देव हुती? लेक हुती माझी. नुसती घरात असू दे."

मग दोघांना गणपतची आठवण झाली. तो दोन पायऱ्या वर बसला होता. दंडाची फीत सुटून मनगटावर आली होती, ते त्याला कळलं नव्हतं.

"गणपतभावजी," कौसल्या म्हणाली, "ह्यो देव न्हाई. आमची शैली हाय."

"कळलं वहिनी." तो पाण्याकडं बघत होता. पाणी ढवळलं होतं, ते पुन्हा निवळायला लागलं होतं. "आमच्या घरात माझ्या बापाचा, आबांचा हुता टाक. मी सा म्हैन्यांचा हुतो आबा गेले तवा. मी त्यास्नी बघितलंच न्हाई, तेवढाच बघितला. समद्यांचे देव मीच गोळा केले ना... आईनं एकदाच हात धरला माझा. मला वाटलं, म्हातारीला खंडोबा सुटंना. हिसडा मारला मी." तो कोंडीरामकडं वळला. "तुझं तळं हुतं, कोंडीबा. समुद्राचा गाळ कोण बसवणार?"

दूर रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या.

कौसल्या उठली. दोन पायऱ्या चढून गणपतजवळ बसली आणि हातातला टाक तिनं त्याच्यापुढं धरला.

"घ्या," म्हणाली. "धरा जरा."

गणपतनं दोन्ही हातांची ओंजळ केली.