दुसरी कोरणी

दुपारी शकूर दारात येऊन उभा राहिला तेव्हा जनकाबाई ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होती. बऱ्हाणपूरला मामाकडे काम शिकून शकूर नुकताच जळगाव जामोदला परतला होता आणि बाजारात कुलपं, स्टोव्ह, कंदील दुरुस्त करायचं दुकान त्यानं मांडलं होतं.

"काका हायेत का, चाची?"

"नाहीत बाप्पा. जहांगीरभाईच्या वखारीवर असतील."

"वखारीले तर कुलूप हाय. जहांगीरभाई आसलगावले गेलेत म्हणे." शकूरनं खिशातून चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "काकानं हे तिथंच द्याले सांगतलं होतं. पण मले उद्या नांदुऱ्याले जाच हाय. तुमीच ठेवून घ्या ना."

जनकाबाईनं सूप बाजूला ठेवून चिंधी सोडली. आत बोटाएवढी पोलादी वस्तू होती, चाकूसारखी मिटणारी. नखानं उघडली की तिच्यातून तीन पाती बाहेर येत. एक बोथट आणि गोल, तंबाखू दाबायचं. दुसरं पसरट, आतली काजळी खरवडायचं. तिसरी नुसती बारीक सळई, दांडीच्या भोकातून घालायची.

तिला काही विचारावं लागलं नाही. पाइप साफ करायची अशी कोरणी अख्ख्या गावात एकच होती, आणि ती तिच्याच पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवलेली होती.

तिचे यजमान शेषराव जंगल खात्यात फॉरेस्टर होते. सारी नोकरी त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी काढली. राज्यं वेगळी झाली आणि बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून इकडे आला, तेव्हा त्यांचे रेंजर साहेब जबलपूरकडे निघून गेले. जाताना साहेबांनी आपला एक जुना पाइप आणि त्याची कोरणी शेषरावांच्या हातावर ठेवली. तोवर विडी ओढणारे शेषराव त्या दिवसापासून पाइप ओढू लागले. गावात लोक हसले, मग त्यांना सवय झाली. पाइप साफ करायचं काम मात्र जनकाबाईकडे आलं. रोज सकाळी चूल पेटवली की ती कोरणी उघडायची, काजळी खरवडायची, सळई फिरवायची, राख झटकायची. शेषरावांच्या हातानं ते कधी धड झालं नाही. तेवढं करून झालं की ती आपल्या मिसरीकडे वळायची. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन दातांवर फिरवायची. लग्नाआधीपासूनची तिची सवय ती.

मागच्या हिवाळ्यात तिच्या गालाच्या आतून पांढरा चट्टा उठला. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. अकोल्याच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी धरून पाहिलं आणि सांगितलं, मिसरी सोडा, नाहीतर हे वाढेल, आणि वाढलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. जनकाबाईनं मान डोलावली, आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी डबी उघडली. तिच्यानं होईना. तेव्हा शेषरावच म्हणाले होते, "तू मिसरी सोड, मी पाइप सोडतो. दोघं मिळून सोडू. मंग तर जमते ना?"

जहांगीरभाईंना बोलावून त्यांनी तिच्यासमोर पाइप त्यांच्या हवाली केला. "घेऊन जा. माह्या डोयासमोर नोको," म्हणाले. कोरणी तेवढी जनकाबाईनं मागून घेतली. आपला माणूस आपल्यासाठी एवढं सोडतो आहे, त्याची काहीतरी खूण जवळ असावी असं तिला वाटलं.

आणि तिनं सोडली. पहिले दिवस फार वाईट गेले. कोणी काही बोललं की रडू यायचं. शेषराव शेजारी बसून म्हणायचे, "मलेही तसंच होते व. डोकं नुसतं फुटते." मग ती स्वतःचं विसरायची. उठून त्यांच्या कपाळाला सुंठ उगाळून लावायची. त्यांना तोंडात टाकायला काहीतरी असावं म्हणून उजाडायच्या आत उठून शेंगदाणे कुटायची, गूळ घालून लहान लहान लाडू वळायची आणि रोज त्यांच्या खिशात घालून द्यायची. चट्टा हळूहळू गेला. पावसाळा लागेतो तिला तिखट खाता येऊ लागलं. दोघांनी मिळून एवढं केलं, याचा तिला अभिमान होता. बायकांत बसली की ती सांगायचीही.

"नमुना कुठला होता रे तुह्यापाशी?" तिनं शकूरला विचारलं. आवाज तिनं सांभाळला होता.

"नमुना कुठचा, चाची. काकानं तोंडानं सांगतलं, अन् पाइप आणला होता संगं. भोकाचं माप त्याच्यावरूनच घेतलं." शकूर आपल्या कामावर खूश दिसत होता. "लय जाम झाला होता पाइप. मी म्हटलं, काका, रोज ओढता तं रोज साफ कराव लागते. तं म्हणे, जुनी कोरणी घरी अटकली हाय, काढता येत नाही."

"पाणी पेतं का?" जनकाबाईनं विचारलं.

शकूर नको म्हणाला आणि निघून गेला. त्या बिचाऱ्याला कशाचीच कल्पना नव्हती.

जनकाबाईनं मागं वळून पाहिलं तर सून कोकिळा दारात उभी होती. तिच्या हातात शेषरावांचा धुवायचा सदरा होता. हल्ली कोकिळा सासऱ्याचे कपडे वेगळे, सगळ्यांच्या आधी धुवायची. पोरीला किती समज आहे, असं जनकाबाई दोनदा-तीनदा शेजारणीला म्हणालीही होती. आता तिनं हात पुढे करून तो सदरा घेतला आणि नाकाला लावला. पाइपचा ओळखीचा वास होता. इतकी वर्षं त्या वासात झोपलेली बाई ती.

"तुले मालूम होतं?"

कोकिळाची मान खाली गेली. "मामाजीनं सांगतलं होतं, तुमाले सांगू नोको म्हून. म्हणे, तिले कळलं तं ती परत मिसरी लावीन."

"कवापासून?"

"पहिल्यापासूनच, आत्याबाई. चार दिवस काय तो बंद ठेवला असंन त्याहीनं. वखारीवरून येताना लवंग चावून येतात."

जनकाबाईनं सदरा परत दिला. डाळ तशीच टाकून ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि वखारीच्या रस्त्याला लागली. शेषराव तिथं नाहीत हे तिला माहीत होतं. पण घरात तिला बसवेना.

वखारीला लागूनच जहांगीरभाईंचं घर. त्यांची बायको अमीरबी अंगणात बाजेवर लसूण सोलत होती. जनकाबाईला पाहून ती लगबगीनं उठली.

"या, या. मी येणारच होती तुमच्याकडं. किती दिवसापासून म्हणते, जाऊन सांगाव."

"काय व?"

"आता रोज रोज इतके लाडू कायले धाडता? पोरं तं दुपार झाली का शेषरावदादाचीच वाट पाहतात. खिशात हात घालून काढून घेतात. धाकटी तं म्हणे, मले घरचं नोको, जनकादादीचं पाह्यजे." अमीरबी हसत होती. मग तिचं लक्ष जनकाबाईच्या चेहऱ्याकडे गेलं. "काय झालं? तब्येत बरी हाय ना?"

"हाव," जनकाबाई म्हणाली. "पोराइले आवडले ना? मंग झालं."

अमीरबीला खरं काय ते सांगून उपयोग नव्हता. तिचा काही दोष नव्हता, आणि पोरांचा तर नव्हताच. बाजेवर घटकाभर बसून जनकाबाई परत निघाली. बाजारातल्या तंबाखूवाल्याच्या दुकानापाशी तिचे पाय थांबले. पोत्याच्या तोंडाशी पानं उलगडून ठेवली होती. इतक्या महिन्यांनी तो वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. थोडी घ्यावी, घरी जाऊन तवा चुलीवर ठेवावा, आणि शेषराव दारात आले की त्यांच्या तोंडासमोर दातांना लावावी. त्या घडीला तिला तेवढंच सुचत होतं. दुकानदारानं "काय देऊ, बाई?" असं विचारलंही. ती पुढे गेली.

ऊन कलल्यावर शेषराव घरी आले. ओट्यावर टेकले आणि नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"आज लय धरलं व डोक्यानं, बेबीची माय."

जनकाबाईनं नवी कोरणी त्यांच्यासमोर ठेवली. "शकूर देऊन गेला."

शेषरावांनी त्या वस्तूकडे पाहिलं. कपाळावरचे हात त्यांनी हळूच खाली घेतले. कोकिळा आत कंदिलाची काच पुसत होती, तिचाही हात थांबला.

"तुह्यं तोंड बरं झालं का नाही?" शेषराव म्हणाले.

"झालं."

"मंग? मी सोडतो म्हटलं नसतं, तं तू सोडली असती?"

"नसती सोडली कदाचित."

"मंग तुह्यासाठीच केलं ना मी."

"ओढला त्याचं मी काही म्हणतच नाही," जनकाबाई म्हणाली. "एक दिवस येऊन सांगतलं असतं, का माह्याच्यानं होत नाही, तं मी म्हटलं असतं, ओढा. पुढचं मी एकटीनं निभावलं असतं. पण तुमी डोकं काऊन धरत होते? मी सुंठ उगाळत होती तवा तुमी डोये मिटून पडत होते. तिथून उठून वखारीवर जात होते. ते कायले?"

शेषरावांनी कोरणी उचलली, उघडली, मिटली.

"पहिल्या दिवशी खरंच दुखलं," ते म्हणाले. "मंग तू जवळ येऊन बसाले लागली. साऱ्या जिंदगीत तू अशी माह्याजवळ बसली नव्हती. मी जंगलात, तू घरात. मंग मले सांगवेचना."

जनकाबाईनं ते ऐकलं. दुसऱ्या एखाद्या दिवशी हेच शब्द तिनं जपून ठेवले असते. आता तिला वाटलं, हेही खरं कशावरून?

दुसऱ्या सकाळी ती कापडाची पिशवी घेऊन लेकीकडे देऊळगाव राजाला गेली. जाताना ती भांडली नाही. कोकिळाला पिठाचं, दळणाचं सांगून गेली. लेक बेबी, जावई शाळामास्तर. बेबीनं सगळं ऐकून घेतलं आणि आईच्या पाठीवर हात ठेवला. "तंबाखूच ना, माय? मला वाटलं काय झालं न् काय नाही. दुसरं काही असतं तर गोष्ट वेगळी." जावई बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "उलट बरंच झालं की. तुमचा आजार गेला." जनकाबाईच्या ध्यानात आलं की हे कोणालाच कळणार नाही. तिनं मग कोणाला सांगितलं नाही. बालाजीच्या देवळात जाऊन बसायची, नातवाला जेवू घालायची, संध्याकाळी परत यायची. मिसरीची तिला आता आठवणही येत नव्हती. याचंच तिला नवल वाटायचं.

काही दिवसांनी शेषराव तिला न्यायला आले. धुतलेलं धोतर, हातात बेबीसाठी संत्री. जनकाबाईनं पिशवी भरली. परत जायचं नाही असं तिनं ठरवलेलं नव्हतं, आणि लेकीच्या घरी किती दिवस राहायचं.

बुलढाण्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. जनकाबाई बाकावर बसली. शेषराव गाडीची चौकशी करायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा एकच कप होता. मागून चहावाला किटली घेऊन येत होता.

"घे," ते म्हणाले. "गरम हाय. घाट उतरला का मंग लवकर कुठं भेटणार नाही."

"तुमी?"

"मी घेतला तिकडं."

जनकाबाईनं कप हातात धरला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी "मी जेवलो" म्हटलं की ती ताट आवरायची, "मी घेतलं" म्हटलं की पुढं विचारायची नाही. तिनं चहावाल्याकडे पाहिलं.

"दादा, याहीनं चहा घेतला का तुह्याकडं?"

चहावाला थबकला. असा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. त्यानं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. "घेतला ना, आजी. आत्ताच तं घेतला. कप खाली ठेवला न् तुमच्यासाठी मागतला."

"बरं," जनकाबाई म्हणाली.

शेषरावांची नजर खाली, सिमेंटच्या फरशीवर होती आणि कान लाल झाले होते. खरं बोलूनही त्यांना साक्ष द्यावी लागली होती, तीही परक्या माणसाची, भर स्टँडवर. जनकाबाईला त्यांच्याकडे पाहून वाईट वाटलं. तरी विचारल्याचा पस्तावा तिला झाला नाही, आणि उद्या परत विचारावंसं वाटलं तर ती विचारणारच होती.

मलकापूरची गाडी लागली. शेषरावांनी पुढं होऊन तिच्यासाठी खिडकीजवळची जागा धरली आणि तिला हाक मारली. जनकाबाईनं रिकामा कप चहावाल्याला दिला, पिशवी उचलली आणि गाडीत चढली. खिडकीची जागा तिनं त्यांनाच ठेवू दिली आणि स्वतः कडेला बसली.