मनकर्णाची बाटली

मनकर्णाच्या गालांवर मांस चढलं होतं आणि तेच रंजीताच्या डोळ्यांत सलत होतं. दोघी एकाच गावच्या. नवऱ्यांच्या मागे एचआयव्ही दोघींच्याही वाट्याला आलेला, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात दोघींच्या गोळ्या एकदमच सुरू झालेल्या. मग हिचं ब्लाऊज दंडात रुततं आणि आपलं पोट काही थाऱ्यावर येत नाही, हा कुठला न्याय? जुलाबांनी रंजीताची पार काडी झाली होती. डॉक्टरीणबाई हिला गुपचूप काही वेगळं देते, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं.

त्यात मनकर्णाचा तोरा! भातरोवणीच्या बाया धुऱ्याच्या बांधावर बसून एकाच पितळी गुंडातलं, बोडीच्या तळ्यातून भरलेलं पाणी प्यायच्या. ही मात्र घरून उकळून आणलेली स्टीलची बाटली तोंडाला लावायची. "मोठी साहेबीण लागून गेली," असं म्हणत रंजीता गुंडातलं आणखी गडवाभर पाणी मुद्दाम प्यायची.

आज दोघींची दवाखान्याची तारीख होती. बोडीजवळ जीपची वाट पाहताना मनकर्णा पिशवी ठेवून विसरलेला रुमाल आणायला घरी गेली. रंजीतानं पिशवीतली तिची बाटली काठावर ओतली आणि बोडीत बुडवून भरली. पी म्हणावं आता आमच्यासारखं! जीव असा गार झाला की विचारू नका.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं रंजीताला तिच्या संडासाच्या तपासणीचा निकाल सांगितला. "पाण्यातून बारीक परजीवी पोटात गेलेत. धडधाकट माणूस निभावून नेतो, तुमच्या जिवावर बेतेल. या गोळ्या घ्या, पहिली आत्ताच. आणि पाणी उकळूनच प्यायचं."

रंजीता धावतच बाहेर आली. बाकावर मनकर्णा झाकण उघडत होती.

"पिऊ नको वो!"

"मी कुठी पिऊन राह्यली? मलेबी मागं हेच झालं होतं. पहिली गोळी इथीच घ्याले लावतेत, म्हणून तुह्यासाठी उकळून आणलं. पाणी उकळून पेत जाय म्हणून सांगाले दोनदा तुह्या घरी आली, तू तोंड फिरवून गेली."

तिनं बाटली पुढं केली. रंजीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यात बोडीचं पाणी हाये. मीच भरलं. तुहं अंग भरलेलं मले पाहवत नाई."

मनकर्णानं उठून पाणी नालीत ओतलं आणि रिकामी बाटली रंजीताच्या हातात दिली.

"जाय, समोरच्या चहावाल्याकडून उकळलेलं मांगून आण. थंडं होईपर्यंत बसतो मी."