किल्लेदाराचं पत्र

“बाबा, हे चिन्ह तुम्ही आधी पाहिलं होतं?”

लेकीने पत्र खिडकीशी धरलं होतं. उन्हात कागदाच्या आत कागदगिरणीचं चिन्ह दिसत होतं आणि त्याखाली बारीक आकड्यांत साल. मास्तरांनी भिंग लावून साल पुन्हा वाचलं. पत्रावर जी तारीख होती, तिच्यानंतर चाळीस वर्षांनी हा कागद बनला होता.

शाळेची नोकरी सांभाळून तीस वर्षं मास्तर लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळत आले होते. लोक रद्दी म्हणायचे. मास्तर वाळवी झटकून नकला करायचे. त्या मुलखाचा इतिहास कागद तपासून लिहिणारा त्यांच्याआधी कुणी झालाच नव्हता. पण त्यांचं नाव गाजलं ते त्यांच्या पुस्तकातल्या या एकाच पत्राने. ‘मरेन, पण किल्ला देणार नाही,’ असं किल्लेदाराने शत्रूला कळवलेलं. त्यावरून चौकात किल्लेदाराचा पुतळा उभा राहिला. पत्र देणारा किल्लेदाराचा वंशज आता नगराध्यक्ष होता, आणि लेक शिकवायची ती शाळाही त्याचीच.

बाहेर छापखानेवाले ताटकळले होते. “मास्तर, दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना तेवढी राहिलीय. देताय ना?”

“बसा दोन मिनिटं.” मास्तर लेकीला हळूच म्हणाले, “गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही.”

“मला कळलं ना.”

“तुझी नोकरी जाईल गं.”

लेकीने पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. मग म्हणाली, “मला भीती वाटतेय, बाबा. पण लिहा.”

मास्तरांनी चारच ओळी लिहिल्या. पत्र बनावट आहे. ते न तपासता मी छापलं. चूक माझी आहे. वाचकांनी क्षमा करावी.

छापखानेवाल्यांनी त्या वाचल्या आणि खुर्चीतून उठलेच. “लोक घर जाळतील, मास्तर!”

“छापा.”

पुस्तक आलं, त्याच आठवड्यात लेकीला शाळेतून काढलं. दारावर डांबर फासलं गेलं. दूधवाला यायचा बंद झाला. समोरच्या पानाच्या टपरीपाशी दोन माणसं दिवसभर उभी राहू लागली. बोलत काहीच नसत, नुसती बघत. जिन्यात पाऊल वाजलं की मास्तर दाराची कडी बघून यायचे.

एका दुपारी दार वाजलं. लेकीने बापाकडे पाहिलं. मास्तर स्वतः उठले. दारात एक म्हातारी होती, काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं.

“तुम्हीच का ते? स्वतःचं चुकलं म्हणून छापणारे?”

“हो.”

“आमच्या सासऱ्यांचे कागद आहेत. खरे का खोटे, देव जाणे. वाईट निघालं तरी चालेल, पण खरं सांगा.”

“खाली तुम्हाला कुणी अडवलं नाही?”

“अडवलं की. नाव विचारलं. सांगितलं.”

मास्तरांनी तिला आत घेतलं, दाराला कडी घातली आणि टेबलावरचं सगळं बाजूला सारून गाठोड्यापुरती जागा केली.