सोनेरी स्ट्रायकर

बाबांनी आईच्या पाटल्या रुमालात बांधल्या आणि चपला शोधू लागले, तेव्हा आकांक्षाचा धीरच सुटला.

“कुठे निघालात?”

“सोनाराकडे. गहाण ठेवतंय, मग सोडवतंय. अगो, मोबाइलवर रोज तो सोनेरी स्ट्रायकरवालो समोर येता, माका जिंकूकच देणा नाय! तसो स्ट्रायकर घेतलंय की बघ.”

जगदीश परब म्हणजे लालबागच्या त्या चाळीतले कॅरमचे राजे. गॅलरीत बोर्ड मांडला की वरचे मजले रिकामे व्हायचे. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात थरथरू लागला आणि बोर्ड भिंतीला टेकला तो टेकलाच. बाबांचं मन रमावं म्हणून आकांक्षानेच मोबाइलवर कॅरमचा गेम घालून दिला. तिच्याच कंपनीचा. मेली कुठून बुद्धी झाली!

कारण परळच्या काचेच्या टॉवरमध्ये बसून ती करायची काय, तर गेममध्ये कोणासमोर कोणाला बसवायचं ते ठरवायची. हरून चिडलेल्यासमोर महागड्या स्ट्रायकरवाला आणायचा. त्याने तसलाच विकत घेतला की चार लिंबूटिंबू द्यायचे, म्हणजे गडी खूश. मग पुन्हा हरवायचं. बाबांची पेन्शन अशीच गेली होती. आता पाटल्या निघाल्या होत्या.

“बाबा, तो मुद्दाम बसवलाय तुमच्यासमोर.”

“खुळी काय तू? चिठ्ठी निघता. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत निघायची तशी.”

“चिठ्ठी नाही निघत हो! मी बसवते! तुम्ही चिडावं, विकत घ्यावं म्हणून!”

बाबा उंबऱ्यातच थांबले. “आणि मी जिंकलंय ता? गणपतीत मोबाइलवर समोरच्याक एक सोंगटी घेऊक दिली नाय, ता?”

त्या दिवशी बाबा रडले होते. सगळ्या चाळीला पेढे वाटले होते. ते जिंकणं तुमचंच, एवढंच म्हणायचं होतं तिला. पण मग ते सोनाराकडे गेलेच असते. आई मोरीपाशी मोकळ्या मनगटांनी उभी होती.

“तुम्ही नवा स्ट्रायकर घेतला होता ना, म्हणून,” आकांक्षा रडतच म्हणाली. “समोर लिंबूटिंबू दिला होता.”

बाबांनी रुमाल आईच्या हातात दिला आणि खाटेवर बसले. बाहेर पडताना खिशात दडवलेला उजवा हात त्यांनी बाहेर काढून मांडीवर ठेवला. तो थरथरत राहिला.

“म्हणजे हात तेव्हाच गेललो,” ते म्हणाले. “माका वाटला, परत इलो.”