चेहरा बदलला, दात तेच

दातांच्या डॉक्टरांना मालिकांचं वेड होतं, असं म्हणता येणार नाही. वेड असलेला माणूस निदान गप्प बसून बघतो. डॉक्टरांना मालिकांबद्दल मतं होती, आणि ती ऐकून घ्यायला घरात कोणी तयार नव्हतं. संध्याकाळी टीव्हीसमोर त्यांनी नुसता घसा खाकरला, तरी सासूबाई रिमोट उचलून आवाज वाढवायच्या आणि बायको म्हणायची, "जे काही असेल ते जाहिरातीत बोला." जाहिराती लागल्या की ती स्वतःच उठून स्वयंपाकघरात जायची.

दवाखान्यात मात्र राज्य त्यांचं होतं. तिथे समोरचा माणूस आडवा, तोंड उघडं, गालात कापूस आणि ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी. विरोध करायचा म्हटला तरी "आँ" पलीकडे त्याची मजल जात नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तो तोंड उघडून होता एवढंच. दात उत्तम काढायचे, म्हणून माणसं सहन करायची.

त्यांच्या हाताखाली त्यांची थोरली बहीण होती. सगळे तिला ताईच म्हणायचे. नळी धरणं, सिमेंट कालवणं, वेळा देणं ही तिची कामं. शिवाय इतकी वर्षं कापसाआडचं बोलणं ऐकून तिला एक विद्या आली होती. माणूस तोंडात अवजारं असताना काय म्हणतो, ते तिला अचूक कळायचं. "आ अ ओ आ ऊ" ऐकून ती शांतपणे सांगायची, "बाब्या, त्यांची गाडी चुकीच्या जागी लावलीय." पन्नाशीच्या डॉक्टरला ती भर दवाखान्यात बाब्या म्हणायची. त्यावर डॉक्टरांचं काही चालत नव्हतं.

एका सकाळी निळ्या फ्रेमचा चष्मा लावलेली एक बाई गालाला हात धरून आली. दाढ ठणकत होती. ताईने विचारलं, "काम काय करता?" बाई कळवळत म्हणाली, "लिहिते." कुठल्यातरी कचेरीत कारकून असणार, असं समजून ताईने तिला खुर्चीवर निजवलं. डॉक्टरांनी भूल दिली, दिवा ओढून घेतला आणि दाढ कोरायला घेतली. त्याबरोबर जीभही सुटली.

"काल 'काचेचं अंगण' पाहिलंत?" ते म्हणाले. "बघू नका. माझी सासू बघते म्हणून मला बघावं लागतं. त्या घरात बारा खोल्या आहेत आणि एकाही दाराला कडी नाही. जो तो दाराआडून ऐकतोय. अहो, आमच्या घरात मी समोर बसून बोललो तरी कोणी ऐकत नाही!"

"अं," बाई म्हणाली.

"आणि झोपताना त्या बायका कानात हे एवढाले डूल घालतात. कूस बदलली तर मान मोडेल. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी 'सोफा कोणाचा?' लागायचं. आठवतं? एक खोली, एक सोफा आणि भांडणारे भाडेकरू. बस्स. बेल वाजली की आपण आधीच हसायला लागायचो. त्यातला तो जाड्या नुसता सोफ्यावर बसायचा, तर आमचे वडील खुर्चीवरून खाली यायचे. आता विनोद असेल तिथे मागून पिपाणी वाजवतात, म्हणजे आपल्याला कळावं. पिपाणी वाजल्यावर कसलं आलंय हसू? नळी जरा डावीकडे घे, ताई."

बाईने हात वर केला.

"दुखतंय? नाही ना? मग ऐका. आता त्या धाकट्या सुनेचा नवरा. कड्यावरून पडला, मेला म्हणाले. आता तो परत आलाय म्हणे. चेहरा बदलून! बायको ओळखत नाही, आई ओळखत नाही, सख्खा भाऊ त्याला पाणी विचारतो. मी म्हणतो, ठीक आहे, चेहरा बदलला. पण दात? दात तेच आहेत ना? दोन माणसांचे दात कधी सारखे नसतात. त्याच्या दाताच्या डॉक्टरला बोलवा, तो तोंड उघडून एका मिनिटात सांगेल, हा तोच आहे. पण नाही! लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे येणार कसं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

बाईचे डोळे मोठे झाले. तिने डॉक्टरांचं मनगट गच्च धरलं. भूल पुरली नाही असं वाटून डॉक्टरांनी लगबगीने आणखी एक इंजेक्शन दिलं. आता बाईचा अर्धा चेहरा पूर्णच बधिर झाला. ती जिवाच्या आकांताने म्हणाली, "ई इयिए! ई आइका ई इयिए!"

ताई नळी धरून थबकली. "बाब्या," ती म्हणाली, "त्या म्हणतायत, ती मालिका मी लिहिते."

डॉक्टरांचा पाय खुर्चीच्या पेडलवर पडला. खुर्ची गुर्रर्र करत वर चढू लागली. बाई दिव्याला टेकायला आली, तेव्हा कुठे ताईने डॉक्टरांचा पाय उचलून बाजूला ठेवला.

"म्हणजे," डॉक्टर म्हणाले, "आडात नाही असं मी म्हणालो, ते सर्वसाधारण आडांबद्दल म्हणालो."

पण बाईला राग आलेलाच नव्हता. ती बोटाने आपल्या दातांकडे दाखवत पुन्हा काहीतरी म्हणाली. ताईने भाषांतर केलं, "विचारतायत, दातांवरून खरंच ओळखता येतं का. नवऱ्याला घरात तर आणून बसवलंय, पण त्याची ओळख कशी पटवायची ते त्यांना सुचत नाहीये. वाहिनीवाले रोज फोन करतात. त्या काळजीने रात्रभर दात खातात, म्हणून तर दाढ गेली."

मग काय विचारता! डॉक्टरांनी ठशांचे साचे काढले, कॅपा काढल्या, एक्स-रे दिव्यासमोर धरले. एकाच गिऱ्हाइकात त्यांची अर्धी सकाळ गेली आणि बाहेर बसलेले लोक गाल धरून एकमेकांकडे बघत राहिले. बाई दाढेवर कॅप बसवून घ्यायला पुन्हा आली तेव्हाही तेच. जाताना तिने डॉक्टरांकडे नीट निरखून पाहिलं. हातमोजे घातलेले असल्यामुळे ते कोपराने चष्मा वर सरकवायचे, तेही तिने पाहिलं.

पुढच्या महिन्यात 'काचेचं अंगण'मध्ये दातांचा डॉक्टर आला.

टीव्हीवरच्या डॉक्टराने आल्या आल्या कोपराने चष्मा वर केला आणि बोलायला सुरुवात केली. धाकट्या सुनेशी बोलला, पेशंटशी बोलला, पेशंट उठून गेल्यावर रिकाम्या खुर्चीशी बोलला. सासूबाई हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या. बायकोने तोंडात पदर कोंबावा तशी उशी कोंबली.

"मी काय असा बोलतो?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर देण्याच्या स्थितीत कोणी नव्हतंच.

पण आठवड्याच्या शेवटी त्या डॉक्टराने अनोळखी पाहुण्याचं तोंड उघडलं, आत वाकून पाहिलं आणि थरथरत्या आवाजात म्हटलं, "ही कॅप... ही कॅप मी बसवली होती!" धाकट्या सुनेच्या हातातला ग्लास पडला. आईने छातीवर हात मारला. सासूबाईंनी हसणं थांबवून रडायला घेतलं आणि रडता रडता जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. "जावईबापू, घर जोडलंत हो तुम्ही."

डॉक्टर एका रात्रीत फुलले. दवाखान्यात ओळखीचे, बिनओळखीचे सगळे विचारू लागले, "डॉक्टर, पुढे काय होणार?" डॉक्टरांना पुढचं ओ की ठो माहीत नव्हतं, तरी ते गूढ हसायचे. त्यांची मतंही हळूहळू मवाळ झाली. "हल्ली मालिका पुष्कळ सुधारल्यात," ते उघड्या तोंडांना सांगू लागले. "दारं उघडी असतात, खरंय. पण मोकळेपणा म्हणून काही असतं की नाही? आणि 'सोफा कोणाचा?' चांगलंच होतं, पण अहो, सोफ्यावरून किती वर्षं भांडायचं?"

ही मजा फार टिकली नाही. दुष्ट काकाने एका भागात टीव्हीवरच्या डॉक्टराला गच्चीवरून ढकलून दिलं. वाक्य अर्धं राहिलं, "मी म्हणतो, ह्या गच्चीला कठडा..." आणि धप्प असा आवाज आला.

डॉक्टरांनी ताटावरून हात काढून घेतला.

"जावईबापू," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "गेले ते. तुम्ही दोन घास खाऊन घ्या."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जो येई तो डॉक्टरांचा हात हातात घेऊन मान हलवी. शेजारच्या सलूनवाल्याने तर "फार बोलके होते" म्हणून डोळे पुसले. डॉक्टरांना राहवेना. दोन पेशंटच्या मध्ये त्यांनी लेखिकेला फोन लावला.

"वाहिनीवाल्यांचं म्हणणं पडलं की तो फार बोलतो, डॉक्टर," ती म्हणाली. "बाकीच्या नटांना वाक्यंच उरेनात. धाकटी सून रोज सेटवर येऊन नुसतं 'अगंबाई' म्हणून घरी जायची."

"पण तो मेलाय कशावरून?" डॉक्टर म्हणाले. "प्रेत दाखवलंत? नाही! प्रेत दिसलं नाही म्हणजे माणूस जिवंत असतो. फांदीला अडकला असेल. खालून कापसाची गाडी जात असेल. डोक्याला मार लागून आठवण गेली असेल. हवा तर चेहरा बदला!"

फोन ठेवून वळले तर ताई कमरेवर हात ठेवून उभी.

"काय रे? चेहरा बदलण्यावर सगळ्यात जास्त बोलणारा तूच ना?"

"ही गोष्ट वेगळी आहे, ताई."

"वेगळी कशी?"

"ह्याच्यात जीव होता."

"हो तर," ताई म्हणाली. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हण करणाऱ्याने तुला बघूनच केली असणार."

लेखिकेने नंतर फोन उचलायचं सोडून दिलं. पण दातापुढे कुणाचं काय चालतं? काहीतरी कडक चावताना तिची कॅप निघाली आणि ती निमूटपणे येऊन खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी कॅप स्वच्छ केली, सिमेंट लावलं, दाबून बसवली आणि म्हणाले, "आता दात मिटून गच्च धरा. सिमेंट वाळेपर्यंत उघडायचं नाही. बोललात की निघालीच समजा."

मग स्टूल ओढून ते तिच्यासमोर बसले आणि त्यांनी टीव्हीवरच्या डॉक्टराची बाजू मांडली. आईबाप नसतील त्याला, पण पेशंट होते. त्याने एका घराला मुलगा मिळवून दिला. त्याचं शेवटचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही, आणि ते वाक्य कठड्याबद्दल होतं, लोकांच्या जिवाशी संबंधित होतं. बोलता बोलता त्यांनी कापसाने स्वतःचेच डोळे टिपले.

"हूं," लेखिका मिटल्या दातांनी म्हणाली.

"हो म्हणाल्या!" डॉक्टर उडालेच.

"हूं म्हणाल्या," ताईने सांगितलं. "हूं म्हणजे हो नव्हे."

"मग काय?"

ताईने लेखिकेच्या डोळ्यांकडे पाहिलं. "म्हणजे त्यांना काहीतरी सुचलंय. आणि ते तुला आवडेल असं काही मला दिसत नाही."

सुचलं होतं ते आठवड्याभरात दिसलं. टीव्हीवर रात्र होती, वीज कडाडली, दार उघडलं, आणि दारात तोच डॉक्टर उभा! फक्त मिशी नवीन होती. आपले डॉक्टर सोफ्यावरून टाळी वाजवत उठले. पण तो डॉक्टर नव्हताच. तो त्याचा जुळा भाऊ होता, आणि लहानपणी विहिरीत पडल्यापासून त्याची वाचा गेली होती.

अख्खा भाग तो एक अक्षर बोलला नाही. दुष्ट काकाने विचारलं, "तू कोण?" तर त्याने भिवई उचलली. धाकट्या सुनेने पाणी दिलं, तर त्याने दुसरी भिवई उचलली. धाकट्या सुनेला मात्र त्या दिवशी भरपूर वाक्यं मिळाली होती आणि ती मनापासून बोलत होती.

"किती गुणी आहे हा," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यापेक्षा बरा."

"खूपच," बायको म्हणाली आणि जाहिराती लागल्या तरी उठून गेली नाही.

डॉक्टर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होते. रागवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण काकाने मुक्याला दमदाटी केली, बराच वेळ आरडाओरडा केला, आणि मुका शांतपणे त्याच्या तोंडात डोकावून, नाक मुरडून मागे सरकला, तेव्हा त्यांच्या पोटातून हसू फुटलं. कुठे पिपाणी वाजली नव्हती. ते एवढे हसले की खोकला लागला आणि बायकोला पाठ थोपटावी लागली. न बोलता माणूस इतकं बोलू शकतो, हे काही त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

सकाळी दवाखान्यात आल्यावर त्यांनी ठरवलं, आपणही एकदा करून बघू. पहिला नंबर बसड्रायव्हरचा होता. दारात मावणार नाही असा धिप्पाड गडी, नेहमीचा पेशंट. तो आडवा झाला. डॉक्टरांनी दिवा ओढला, आरसा आत घातला, पाहिलं आणि एक भिवई उचलली.

ड्रायव्हर वाट बघत राहिला. डॉक्टरांनी दुसऱ्या दातावर अवजाराने टिकटिक केली आणि दुसरी भिवई उचलली. खोलीत नळीचा सूं सूं आवाज तेवढा होता. ड्रायव्हरच्या कपाळावर घाम आला. त्याने डोळे फिरवून ताईकडे पाहिलं. ताईही गप्प, कारण आश्चर्याने तिचीच वाचा बसली होती.

"ऑक्अर, आई आईट आए का?" ड्रायव्हरने विचारलं.

डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली. त्यांच्या मनात 'छे छे' होतं, पण ते तसं दिसलं नाही. ड्रायव्हर गळ्यातल्या रुमालासकट ताडकन उठून बसला आणि तोंडातला कापूस हातात घेऊन म्हणाला, "स्पष्ट सांगा, डॉक्टर. घरी मुलं लहान आहेत. माझ्याकडे किती वेळ आहे?"

"अहो, साधी कीड आहे!" डॉक्टर ओरडले. "एवढीशी! पाच मिनिटांत भरतो!"

"मग बोलत का नव्हता?"

"मालिकेत तो मुका नव्हे का..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी कोपराने चष्मा वर सरकवला. "काल पाहिलंत की नाही तुम्ही? बघायलाच हवं होतं. पण मी म्हणतो, विहिरीत पडून वाचा जाते कशी? नाकात पाणी जाईल, खोकला होईल, वाचा कशाला जाईल?"

ड्रायव्हरने सुटकेचा श्वास टाकला, आडवा झाला आणि आपण होऊन तोंड उघडलं.